सिंहाच्या पायाखालची खाच

काका दोन वर्तमानपत्रं घेत. बेळगावहून पहिल्या गाडीनं येणारं एक मराठी आणि एक कन्नड. दोन्ही पुढ्यात पसरून ते एकच बातमी दोन्हींत शोधत, आणि ती दोन्हीकडं तशीच्या तशी छापलेली दिसली की पेन्सिलनं तिच्यावर फुली मारत. मी एकदा म्हटलं, "काका, दोघांनी तेच लिहिलंय म्हणजे खरं असणार की."

चष्म्यावरून माझ्याकडं बघत ते म्हणाले, "दोघांनी बघितलं असतं तर दोन तऱ्हेनं लिवलं असतं. हे एकानं लिवलंय आणि दोघांनी उतरून घेतलंय."

ते माझे घरमालक. मी तेवीस वर्षांची होते, पोस्टात नुकतीच लागले होते आणि खानापूर सोडून पहिल्यांदाच एकटी राहणार होते. गाव रामनगरच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याकडची माणसं अजून तिथं आहेत. सुप्याच्या धरणाचं पाणी चढल्यावर वर आणून वसवलेली वस्ती ती. एका मापाची घरं, सरळ रस्ते, आणि मागं लगेच जंगल. पोस्टात मी आणि पोस्टमन नागाप्पा, दोघंच. राहायला खोली हवी म्हटल्यावर नागाप्पानं काकांचं घर दाखवलं आणि वाटेतच सांगून टाकलं, "अक्का, माणूस वाईट न्हाई. पण तुमचं नाव तुमचंच हाय का, हे बी विचारील."

तसंच झालं. काकांनी माझी नेमणुकीची ऑर्डर मागून घेतली, उन्हात धरून कागदातून आरपार बघितलं, मग एका कोऱ्या कागदावर मला तीन वेळा सही करायला लावली. तिन्ही सह्या भिंगाखाली धरून बराच वेळ बघत बसले.

"तिन्हींत फरक हाय," ते म्हणाले.

मी घाबरले. म्हटलं, "घाईत केल्या."

"न्हाई, बरोबर हाय. हातानं केलेली गोष्ट दोनदा सारखी येत न्हाई. सारख्या असत्या तर खोली दिली नसती."

वस्तीत त्यांना 'डेपोकाका' म्हणत. उभी हयात जंगल खात्याच्या लाकूड डेपोत गेलेली. कापलेल्या ओंडक्याच्या तोंडावर सरकारी हातोडा मारत. हातोड्याच्या तोंडावर अक्षरं कोरलेली असत, ती लाकडात उमटली की तो माल रीतसर. चोरटे लोक तसाच हातोडा बनवून घेत आणि काकांचं काम होतं ते खोटे ठसे ओळखायचे. रात्रंदिवस हेच केल्यावर माणसाचा डोळा तसाच होत असावा. दुधात बोट बुडवून ते नखावर थेंब घेत. एसटीच्या तिकिटाचा नंबर वाचून मग कंडक्टरकडं बघत. समोरच्या घरात जुळ्या मुली होत्या, दिसायला अगदी एकसारख्या. त्या अंगणात आल्या की काका खिडकीतून टक लावून बघत राहत. काकू म्हणायच्या, "अहो, लेकरं हायत ती."

"व्हय," काका म्हणत, "पण बघितल्याबिगर कळत न्हाई."

'बघितल्याबिगर' हा त्यांचा शब्द. दिवसातून दहा वेळा.

नाण्यांचा नाद त्यांना कसा लागला, ते मला काकूंनी सांगितलं. त्यांच्या सुप्याकडच्या जुन्या घरात देव्हाऱ्यात एक सोन्याचं नाणं होतं. सासरे, आजेसासरे, सगळे त्याला हळदकुंकू वाहत आलेले. पाणी येणार म्हणून घर सोडलं तेव्हा काकांनी ते पहिल्यांदा देव्हाऱ्याबाहेर काढून बेळगावच्या एका सराफाला दाखवलं. सराफानं कसोटीवर घासलं आणि हसून परत दिलं. पितळ होतं, वर मुलामा. काका घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. "तीन पिढ्या आम्ही खोट्याला हात जोडले," एवढंच म्हणत राहिले. काकूंनी ते नाणं उचलून नव्या घरातल्या देव्हाऱ्यात परत ठेवलं. मला म्हणाल्या, "पितळ हाय हे देवाला आधीपासनं ठाऊक असणार की. त्यानं कधी तक्रार केली न्हाई."

त्यानंतर काकांनी टपाली लिलावांच्या याद्या मागवायला सुरुवात केली. आता हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं म्हणतात. तेव्हा मोठ्या शहरांतले व्यापारी जुन्या नाण्यांची छापील यादी पाठवत. प्रत्येक नाण्याला नंबर, शेजारी फोटो, वजन, आणि मागं एक फॉर्म. आपण किती द्यायला तयार आहोत ते फॉर्मवर लिहून ठरल्या तारखेआधी पाठवायचं. ज्याचा आकडा मोठा त्याला नाणं विम्याच्या पाकिटातून घरपोच. काका विकत क्वचितच घेत. त्यांचा आनंद यादीतली खोटी नाणी पकडण्यात होता. बटर पेपर फोटोवर ठेवून ते टोकदार पेन्सिलनं नाण्याची कड, चिरा, खाचा सगळं गिरवून घेत आणि जुन्या याद्यांतल्या गिरवलेल्या कागदांवर ठेवून बघत.

"पूर्वी एकेक नाणं हातानं ठोकत," त्यांनी मला समजावलं होतं. "घाव कधी इकडं, कधी तिकडं. चीर पडली तर दुसऱ्याला तिथंच पडायची न्हाई. दोन नाण्यांना एकाच जागी तीच चीर असली, की समजायचं साच्यात ओतलेली हायत."

असं काही सापडलं की त्या व्यापाऱ्याला कार्ड जाई: आपल्या यादीतील अमुक नंबर खोटा आहे, कळावे. उत्तर कधीच येत नसे. ती कार्डं माझ्याच हातून जात, त्यामुळं मला ठाऊक.

नाणं हाती आलं तर वजनाची परीक्षा. सोनाराचा काटा होता त्यांच्याकडं. आधी कोरडं वजन करत, मग नाणं केसाला बांधून पाण्यात लोंबतं ठेवून पुन्हा. दोन वजनांतल्या फरकावरून आत सोनं आहे की दुसरं काही, ते कळतं. केस काकूंचा लागे. काकू पोळ्या लाटतालाटता, मागं न बघता एक केस उपटून देत.

मी तिथं राहायला जाऊन दीडेक वर्ष झालं असेल, तेव्हा एका यादीत कदंबांच्या काळातलं सोन्याचं नाणं आलं. त्याला गद्याण म्हणतात. एका बाजूला पंजा उचललेला सिंह. आमच्या या सगळ्या डोंगरांवर कधीकाळी ज्यांचं राज्य होतं त्यांचं नाणं. काका महिनाभर त्या फोटोवर झुकलेले असत. सिंहाच्या मागच्या पायाखाली एक बारीक खाच होती, ती त्यांनी मलाही भिंगातून दाखवली. शेवटी म्हणाले, "खरं हाय." दीड वर्षात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. रिटायर होताना मिळालेल्या पैशांतला मोठा भाग घालून त्यांनी फॉर्म भरला, आणि नाणं त्यांना लागलं.

पाकीट आलं ते संध्याकाळच्या टपालात. काका ओट्यावर वाट बघत बसलेले. "आलं?" त्यांनी विचारलं.

"आलंय. पण वेळ संपली होती. तिजोरीत ठेवलंय. उद्या पोस्टात येऊन सही करून घ्या."

"इथंच आणलं असतं तर?"

"नियमात बसत नाही, काका."

त्यांनी मान हलवली. त्यांनाही नियम आवडायचे.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीपासून ते पायरीवर होते. पाकिटावर लाखेचे पाच ठसे. एकाला तडा गेला होता. मी ते पावतीवर लिहिलं होतंच, त्यांना दाखवलं, त्यांनी सही केली आणि घरी गेले. तासाभरात परत आले. चेहरा उतरलेला, पण आवाज शांत.

"वजन कमी भरतंय. पाण्यात तर फारच कमी. आत चांदी हाय. भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, म्हणजे ओतीव." मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बाई, एक रात्र हे पाकीट तुमच्याकडं होतं."

नागाप्पा शिक्का मारायचा थांबला. मी म्हटलं, "तिजोरीत होतं, काका."

"किल्ली?"

"माझ्याकडं."

"तेच म्हणतोय मी."

तक्रार त्यांनी तिथंच उभं राहून लिहिली आणि माझ्याचकडून रजिस्टर करून पावती घेतली. आठवड्यात इन्स्पेक्टर आले. तिजोरी बघितली, लाखेचे तुकडे पुडीत बांधून घेतले, माझा जबाब लिहिला, आणि चौकशी होईपर्यंत मला कामावरून दूर केलं. माझ्या जागी दुसरा माणूस आला. किल्ल्या त्याच्या हातात देताना लोक खिडकीतून बघत होते, हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

आमच्या खानापूरच्या घरात पगार आणणारी मी एकटी. तिथून भाऊ न्यायला आला, त्याला मी परत पाठवलं. गेले असते तर लोक 'पळाली' म्हणाले असते. दुसरी खोली कोण देणार? त्यामुळं जिनं चोरी केली असं ते म्हणत होते ती, आणि म्हणणारे ते, एकाच छपराखाली राहिलो. मी विहिरीवर गेले की काका ओट्यावरून आत जात. किराणाच्या दुकानात मी शिरले की बोलणं थांबे. एकदा एका बाईनं माझ्या कानांकडं निरखून बघितलं. मी काही नवं घडवून घेतलंय का, हे बघत होती ती.

काकूंनी काकांशी बोलणं टाकलं. ताट वाढून समोर ठेवायच्या आणि आत निघून यायच्या. काकांना ते नाणं पुन्हा पाण्यात तोलायचं होतं. स्वैपाकघराच्या दारात येऊन त्यांनी केस मागितला. काकू चुलीकडं बघत म्हणाल्या, "मिळणार न्हाई." काका परत फिरले. मग दोऱ्यानं तोलायचा प्रयत्न करताना दिसले. दोरा पाणी पितो, त्यानं वजन जमत नाही.

रिकाम्या दिवसांत माझ्या डोक्यात भलतंच शिरू लागलं. खरं नाणं यांनीच लपवलं असेल तर? विम्याचे पैसेही घ्यायचे आणि नाणंही ठेवायचं. सुरुवातीला मला स्वतःचीच लाज वाटली. मग ती लाज कमी कमी होत गेली. ते खोलीत काय करतात, पेटी किती वेळा उघडतात, कुणाला पत्र टाकतात, सगळ्यावर मी लक्ष ठेवू लागले. खिडकीच्या फटीतून बघताना एकदा माझ्या ध्यानात आलं, की जुळ्या मुलींकडं काका बघत ते असंच.

पेन्शनच्या कामासाठी काका एक दिवस जोयड्याला गेले. दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या आणि पदराखालून एक किल्ली काढली.

"पेटीची. त्यांना ठाऊक न्हाई, वीस वर्षं माझ्याकडं दुसरी हाय." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "चल, बघू. संशय मला बी हाय."

दोघींनी मिळून पेटी उघडली. वर याद्यांचे गठ्ठे. खाली काड्यापेटीत कापसात गुंडाळलेलं ते नाणं. सिंह तसाच पंजा उचलून. दुसरं नाणं कुठंच नव्हतं. सगळ्यांत खाली एक फाइल, तीत फोटोवरून गिरवलेला बटर पेपर आणि प्रत्यक्ष नाण्यावरून गिरवलेला दुसरा, टाचणीनं एकावर एक लावलेले. उजेडात धरले. रेघेला रेघ मिळत होती. कड, चिरा, सिंहाच्या पायाखालची खाच, सगळं एकच.

त्यामागं पोस्ट खात्याच्या नावे लिहिलेला अर्ज. मी वाचला, आणि काकूंना कन्नडात समजावून सांगितला, कारण त्यांना तेच जास्त जवळचं. हे खोटं नाणं फोटोतल्याच नाण्यावरून साचा काढून ओतलेलं आहे, असं काकांनी लिहिलं होतं. तसा साचा करायला खरं नाणं ओतणाऱ्या कारागिरापाशी निदान आठवडाभर हवं. पोस्टातल्या बाईंकडे बंद पाकीट फक्त एक रात्र होतं, आणि या वस्तीत असा कारागीरही नाही. तेव्हा खरं नाणं विकणाऱ्यानंच ठेवून घेतलं असून माझी तक्रार चुकीची आहे, ती मी मागे घेतो. खाली सही. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

काकू म्हणाल्या, "आठ दिवस?" आणि अर्ज बाहेर ठेवून पेटी बंद केली.

काका परतले तेव्हा आम्ही ओट्यावर होतो, अर्ज मधे ठेवलेला. त्यांनी तो लांबूनच ओळखला.

"पेटी उघडली?"

"मी उघडली," काकू म्हणाल्या. किती दिवसांनी काकांशी बोलल्या त्या.

मी विचारलं, "काका, हे पाठवलं का नाही?"

"अजून एकदा बघायचं होतं."

"किती वेळा बघितलं?"

"चार."

"मग?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली, पण बसले नाहीत. "फोटो खरा होता बाई. माझी परीक्षा बरोबरच होती. फक्त फोटोतलं नाणं आणि पाकिटातलं नाणं एकच असणार, हे मी धरून चाललो. बघितल्याबिगर. उभा जलम लोकांना हेच सांगत आलो, आणि मीच." त्यांनी अर्जाकडं बोट केलं. "हे पाठवलं की कारवारपर्यंत सगळ्यांना कळणार, डेपोकाका फसला."

"माझी नोकरी जातीय, काका."

"व्हय," ते म्हणाले. अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही कारवारला निघालो. अणशीचा घाट उतरून पोचलो. मोठ्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर काकांनी यादी ठेवली, नाणं ठेवलं, बटर पेपर ठेवले, आणि सगळं समजावून सांगितलं. कुठंही आवाज चढवला नाही, एकही मुद्दा सोडला नाही. साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं, मग खिडकीशी जाऊन पुन्हा लावलं.

"हे तुमच्या ध्यानात कधी आलं?" त्यांनी विचारलं.

अर्जावरची तारीख काका रात्रीत बदलू शकले असते. मी सकाळीच बघितलं होतं, बदललेली नव्हती. तरी तोंडानं ते काय सांगतात, इकडं माझं लक्ष होतं.

"नऊ दिवस झाले, साहेब."

"आणि तुम्ही आज आलात? ही मुलगी घरी बसलीय."

"लाज वाटत होती," काका म्हणाले.

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

महिन्याभरात मला परत कामावर घेतलं. व्यापाऱ्याला काकांनी तीन रजिस्टर पत्रं टाकली; तिन्ही 'या पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आली आणि तिन्ही मीच त्यांच्या हातात दिली. पोलिसांत कागद दिला, त्याचं काही झालं नाही. पुढं दोन वर्षांनी माझी बदली झाली. काका गेले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. काकूंनी कुणाकडून तरी लिहवून घेऊन कळवलं. मी काकांना माफ केलं होतं का, असं माझ्या मुलीनं एकदा विचारलं. ते आठ दिवस मी अजून विसरलेले नाही. पण त्यांची आठवण निघाली की मला ते दिवस आधी आठवत नाहीत. मी कामावर परतले त्या आठवड्यातला बाजार आठवतो.

कागदावर माझं नाव साफ झालं होतं. मी शिरले की दुकानातलं बोलणं मात्र अजून थांबत होतं. ते काकांच्या कानावर काकूंनीच घातलं असणार. बाजाराच्या दिवशी पोस्टाच्या खिडकीतून मला दिसलं: धुतलेला सदरा घालून काका रस्त्यावर आले, एका हातात भिंग, एका हातात काड्यापेटी. हा माणूस बाजारात पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी थांबत नसे. ते पहिल्या दुकानात शिरले. मग दुसऱ्या. मग सुक्या मासळीवाल्या बायकांपुढं खाली बसले. प्रत्येकाच्या हातात नाणं देत, भिंग त्याच्या डोळ्याशी धरत, आणि तेच बोलत. पोस्टासमोरच्या चहाच्या टपरीपाशी आले तेव्हा मला शब्द ऐकू आले.

"हे बघा. हे खड्डे दिसले? खोटं हाय. मला शहरातनं फसवून पाठवलं. मी समजलो न्हाई आणि पोस्टातल्या बाईंवर आळ घेतला. त्यांचा काही दोष न्हाई. बघा नीट."

टपरीवाल्यानं ओले हात पुसले आणि भिंगातून बघितलं. त्याला काही दिसलं असेल असं वाटत नाही. गिऱ्हाइकांतला कुणीतरी हसला. काकांनी त्याच्याही हातात नाणं दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग तो हसला नाही.

टपरीवाल्यानं नाणं परत देताना विचारलं, "मग काका, खरं कुठं हाय?"

काकांनी नाणं कापसात गुंडाळलं, काड्यापेटी मिटली.

"ते मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले, आणि पुढच्या दुकानात गेले.